तीन स्क्रूंच्या आत

मी एक स्फटिक. 'बोलतोय' असं म्हणणार होतो, पण ते खोटं ठरेल. मला बोलता येत नाही, थरथरता येतं. अंगातून वीज गेली की मी सेकंदाला सत्तर लाख तीन हजार वेळा थरथरतो. हौशी रेडिओवाले त्याला सात हजार तीन किलोसायकल म्हणतात. तोच माझा सूर, तेच माझं नाव आणि तीच माझी कोठडी. दुसरा सूर मला येत नाही आणि कुणी शिकवूही शकत नाही.

दिसायला मी अगदी सामान्य. नखाएवढी पातळ, चौकोनी काच म्हणा ना. दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, पाठीवर स्प्रिंग, बाहेर काळी डबी आणि डबीच्या झाकणाला तीन स्क्रू. खाली दोन पाय, ते यंत्राच्या खोबणीत रोवायचे. मला डोळे नाहीत. पण टेबलावर कुणी बशी ठेवली, दाराशी चपला काढल्या, कुणी दबक्या आवाजात भांडलं, तरी माझ्या अंगाला कळतं. कारण माझी जातच तशी आहे. वीज दिली तर मी थरथरतो, आणि थरथर दिली तर माझ्या अंगात इवलीशी वीज उमटते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचंच काम आहे.

माझा जन्म ब्राझीलमधल्या एका डोंगराच्या पोटात झाला. तिथे मी लाखो वर्षं पडून होतो आणि कुणी मला काही विचारत नव्हतं. मग लढाई आली. अमेरिकेतल्या एका कारखान्यात मला कापलं, घासलं, डबीत कोंबलं आणि डबीवर आकडा उमटवला : ६९९०. लष्करी यंत्रात बसून मी बंगालमध्ये आलो. डमडमच्या पलीकडे एका विमानतळावर दोन वर्षं मी हवामान सांगत होतो. विमानं उडत, उतरत, काही परत येत नसत. मी आपला डबीत. लढाई संपली तशी यंत्रं फोडून भंगारात काढली आणि मी कलकत्त्यातल्या चांदणीच्या बाजारात एका टोपलीत येऊन पडलो. टोपलीत माझ्यासारखे शंभर होते. प्रत्येकाचा सूर निराळा, आणि वीज नसल्यामुळे सगळे मुके.

त्या टोपलीतून मला उचललं श्यामराव देवस्थळींनी. श्यामराव रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपुराहून कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. श्यामरावांचा जन्म भवानीपुरातला. मराठी घरात, बंगाली रस्त्यावर आणि इंग्रजी कचेरीत असा त्यांचा कारभार. लढाईत सरकारने हौशी रेडिओवाल्यांची यंत्रं बंद केली होती. आता लायसन्सं पुन्हा मिळू लागली होती आणि श्यामरावांनी ते परीक्षा देऊन मिळवलं होतं. हवेत पाठवायला यंत्र त्यांनी घरीच जुळवलं. कमी होतो तो मी.

पण माझ्यात एक खोट होती. हौशी लोकांना मोकळा असलेला पट्टा सात हजारांपासून वर सुरू होतो आणि मी सहा हजार नऊशे नव्वद. म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर. मला आत घ्यायचं तर घासून पातळ करायला हवं. जितका पातळ तितका सूर चढा. श्यामरावांनी तिन्ही स्क्रू काढले. किती वर्षांनी मला वारा लागला. खिडकीच्या काचेवर घासायची ओली पूड टाकून त्यांनी मला घासायला घेतलं आणि पहिल्याच वेढ्याला मी कण्हलो. त्यांचं बोट फार जड होतं.

"द्या इकडे," असं म्हणून कालिंदीबाईंनी मला घेतलं.

कालिंदीबाई त्यांची पत्नी, जबलपूरची. लढाईत बायकांच्या पलटणीत बिनतारीवर होत्या. मोर्सचे ठिपके आणि रेघा त्या ज्या वेगाने पाठवत, तो पाहून गोरे सार्जंट खुर्ची ओढून ऐकायला बसत. लग्न झाल्यावर सासूबाईंनी बजावलं, सून पलटणीत होती हे हळदीकुंकवाला कुणापाशी बोलायचं नाही. त्या बोलल्या नाहीत. सासूबाई गेल्या तरी न बोलायची सवय राहिली.

त्यांचं बोट हलकं होतं. चार वेढे घासायचं, साबणाने धुवायचं, पुसायचं, डबीत घालून सूर पाहायचा, परत बाहेर. सात हजारांवर अर्धा आल्याबरोबर श्यामराव म्हणाले, "बस. आलं पट्ट्यात."

"काठावर कशाला बसायचं?" बाई म्हणाल्या. "काठावर बसणारा कधी ना कधी पडतो. तीन आत घेऊ."

"जपून हं. घासलेलं परत येत नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुमच्या हातात दिलं नाही."

अशा रीतीने मी सात हजार तीन झालो. श्यामरावांनी डबीवरचा जुना आकडा खरवडला, झाकण लावलं आणि तिन्ही स्क्रू आवळले. तो वारा मला पुढे पुन्हा लागला नाही.

त्या काळी कलकत्त्यात हौशी रेडिओवाल्यांचा एक छोटा क्लब होता. पंधरावीस माणसं. सचिव सान्यालबाबू डमडमला राहत, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. महिन्यातून एकदा सगळे कुणाच्या तरी गच्चीवर जमत, चहा पीत आणि एरियलच्या उंचीवरून भांडत. दर रविवारी सकाळी नऊला क्लबचं बातमीपत्र मोर्समध्ये हवेत जाई. ते पाठवायचा मान श्यामरावांचा, कारण त्यांच्याकडे मी होतो, आणि मी माझ्या सुरावरून रतीभर हलत नसे. लोक डोळे मिटून सात हजार तीनवर काटा लावत. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी इथे पतंग उडवतात, त्यातला एक अडकून हावड्याच्या डिक्रूझसाहेबांची एरियल खाली आली. अमक्याने ऑस्ट्रेलिया गाठलं. मागच्या सभेत कुणाचा तरी हेडफोन बदलला गेला, ज्याच्याकडे दोन डावे असतील त्याने कळवावं. हे सगळं माझ्या अंगातून गेलं आहे. शेवटी सगळ्यांना 'त्र्याहत्तर'. या लोकांत आकड्यांनी निरोप देतात. त्र्याहत्तर म्हणजे सर्वांना नमस्कार. आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे... ते फक्त बायकोला पाठवतात, प्रेमाने.

सान्यालबाबू चहाला आले की थट्टा करत, "श्यामबाबू, साऱ्या जगाला त्र्याहत्तर वाटता. आमच्या बौदींना, वहिनींना, कधी अठ्ठ्याऐंशी पाठवलंत का?"

"आमच्यात नसतं तसं काही," श्यामराव म्हणत आणि बशी उगीच सरकवत. आतल्या खोलीत पोळपाटाचा आवाज क्षणभर थांबे. मग पुन्हा सुरू होई.

एक सांगायला हवं. मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येतो. अक्षरं सगळ्यांची तीच, पण कुणाची रेघ लांबते, कुणी दोन शब्दांत अडखळतो, कुणी ठिपके तांदूळ निवडल्यासारखे मोजून टाकतो. क्लबातली माणसं नाव ऐकण्याआधी हात ओळखत. श्यामरावांचा हात जाड आणि प्रामाणिक. शेवटची रेघ ते नेहमी ओढून लांब करायचे. मला तो हात आवडत असे. मोर्स पाठवायची चावी बोटाने दाबतात; तिचा आणि माझा संबंध तारेचा, पण माणूस कोण बसलंय ते मला पहिल्या अक्षराला कळे.

एक्कावन्न साली श्यामरावांचं मनगट धरू लागलं. दिवसभर कचेरीत रेघा, रविवारी घरी रेघा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. पण बातमीपत्राचा मान सोडवतो का? एका रविवारी "ही क्लबची बातमी" इतकं पाठवून हात अडकला तो अडकलाच. हवेत पाच सेकंद शांतता. सात हजार तीनवर पंधरावीस माणसं पेन्सिल धरून बसलेली. मी तापत होतो. आतून बांगड्या वाजल्या, खुर्ची सरकली, आणि चावीवर दुसराच हात पडला.

काय सांगू तुम्हांला. सात वर्षं मी लष्करात आणि घरात काढली होती, पण असा हात माझ्या अंगावरून कधी गेला नव्हता. मोजका, मऊ, कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणं नाही. मी कोठडीतला कैदी, पण त्या वीस मिनिटांत भिंतींचा मला विसर पडला. बाईंनी बातमीपत्र संपवलं, श्यामरावांची खूण, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेली हवेतली अक्षरं, देऊन सही केली, त्र्याहत्तर पाठवलं आणि म्हणाल्या, "भात लागला असेल," आणि गेल्या.

हा गुन्हा होता. लायसन्स माणसाच्या नावावर असतं. दुसऱ्या कुणी, मग ती घरची बायको का असेना, चावीला बोट लावलं तर लायसन्स जातं. दोघांनाही ते ठाऊक होतं. आजच्यापुरतं, असं श्यामराव म्हणाले. पुढच्या रविवारीही मनगट धरलं आणि त्याच्या पुढच्याही.

खरी पंचाईत त्यानंतरच्या सोमवारी झाली. सान्यालबाबू खास डमडमहून आले. "श्यामबाबू, हा हात कुठे लपवला होतात इतके दिवस? डिक्रूझ म्हणतो, संगीत आहे. काय उपाय केलात?"

खरं सांगायची ती वेळ होती. श्यामरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "रोज सकाळी कणीक मळतो. मनगट सुटतं."

आत काहीतरी पडलं. परात असावी.

"कणीक," सान्यालबाबू गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे लुची असते, मैद्याची पुरी. मैदा चालेल का?"

"चालेल," श्यामराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारच्या बातमीपत्रात सचिवांची सूचना होती. हात सुधारण्यासाठी सभासदांनी रोज अर्धा तास पीठ मळावं, आपल्या एका ज्येष्ठ सभासदाला त्याचा विलक्षण गुण आला आहे. ती सूचना कालिंदीबाईंनी स्वतः पाठवली. एकही ठिपका चुकला नाही, पण मधे एकदा त्या इतक्या हसल्या की टेबल हललं. त्यानंतर सहा महिने कलकत्त्यातल्या पंधरा घरांत पुरुष पीठ मळत होते. डिक्रूझबाईंनी म्हणे नवऱ्याला सांगितलं, मळायचं तर मळ, पण मग पाव रोज तूच भाज.

हसण्यासारखं होतं तोवर ठीक होतं. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि घरातला आवाज बदलत गेला. सभेहून आले की श्यामराव कोट न काढता बसून राहत. सगळे त्यांच्या पाठीवर थाप मारत, आणि थाप मारलेली पाठ घेऊन घरी यायचं त्यांना जड जाई. बाई रविवारी वीस मिनिटं राज्य करत आणि मग नवऱ्याच्या नावाने सही करून भाताला जात. स्वतःचं नाव त्यांना हवेत एकदाही पाठवता आलं नाही. मी तर मुळातच बंदिवान. त्या दोन खोल्यांत आम्ही तिघे होतो आणि तिघांच्याही झाकणाला स्क्रू होते. माझे निदान दिसत तरी होते.

त्रेपन्न सालच्या श्रावणात एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मला लायसन्सची परीक्षा द्यायची आहे."

श्यामरावांनी बशी उगीच सरकवली. "दे ना. मी नको कुठे म्हणतोय?"

"तुम्ही म्हणत नाही. पण परीक्षेत पाठवून दाखवावं लागतं. ज्या साहेबांपुढे पाठवायचं, ते दर रविवारी बातमीपत्र ऐकतात. माझं पहिलं अक्षर ऐकलं की ओळखतील."

"मग?"

"मग तुमचं लायसन्स जाईल. क्लबात काय तोंड दाखवाल?"

श्यामरावांनी उठून खिडकी लावली. मला फार राग आला त्यांचा. म्हणायला हवं होतं, जाऊ दे लायसन्स. पण माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. क्लब सोडला तर त्यांना होतं काय? कचेरीत दुसऱ्यांच्या पुलांच्या रेघा, आणि रविवारी ही पाठीवरची थाप.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना चावीवर एक हात पडला. मला कळेना कोण. अडखळत, ठेचकाळत, पाटीवर मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखा. एरियल काढून ठेवली होती, त्यामुळे बाहेर काही जात नव्हतं. अर्ध्या तासाने बांगड्या वाजल्या आणि मी ओळखलं. बाईच होत्या. डावा हात होता.

महिनाभर हे चाललं. उजव्या हाताने नवऱ्याच्या नावाचं बातमीपत्र आणि डाव्या हाताने आपलं लायसन्स, असा त्यांचा हिशोब. परीक्षेत डाव्याने पाठवलं तर कोण ओळखणार? मीच ओळखलं नाही, तिथे साहेबांची काय कथा. पण माझ्या मनात आलं, म्हणजे पुढे जन्मभर या बाईने हवेत डाव्या हाताने बोलायचं. तो मऊ, मोजका हात नवऱ्याच्या सहीखाली पुरून टाकायचा. मला रडता येत असतं तर रडलो असतो.

परीक्षा गुरुवारी होती. आधीच्या शनिवारी श्यामराव कचेरीतून लवकर आले. जिन्यावर त्यांची पावलं मला कळली. दारापाशी ती थांबली, आणि बराच वेळ आत आली नाहीत. आत बाईंचा डावा हात ठेचकाळत होता.

"काय करतेस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सराव."

"डाव्याने?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा."

श्यामराव खुर्चीत बसले नाहीत. जेवायला बसले तेव्हा ताटावर नुसते बसून राहिले, असं बाईंच्या बोलण्यावरून मला कळलं. "आमटीत मीठ नाही का?" असं बाईंनी दोनदा विचारलं.

रविवार उजाडला. नऊला पाच मिनिटं होती. यंत्राचे व्हॉल्व्ह तापले, बाई खुर्चीत बसल्या, कागद समोर ओढला.

"ऊठ," श्यामराव म्हणाले.

"काय झालं?"

"ऊठ कालिंदी. आज मी पाठवतो."

"मनगट?"

"धरेल तेव्हा धरेल."

नऊ वाजले आणि दोन वर्षं चार महिन्यांनी तो जाड, प्रामाणिक हात माझ्या अंगावर परत आला. फार वाईट पाठवत होते. रेघा वाकड्या, ठिपके एकमेकांवर पडत होते. तीन शब्दांनंतर थांबून मनगट टेबलावर आपटायचे आणि पुन्हा सुरू. त्यांनी बातमीपत्र पाठवलंच नाही. त्यांनी पाठवलं ते इतकंच : 'एक्कावन्न सालापासून तुम्ही ऐकलेला हात माझा नाही. तो माझी पत्नी कालिंदी हिचा आहे. कणकेची गोष्ट खोटी आहे. कालिंदी गुरुवारी परीक्षा देणार आहे. ती उजव्या हाताने पाठवेल.' चार ओळींना पाऊण तास लागला. शेवटची रेघ त्यांनी नेहमीसारखी ओढून लांब केली.

मी हललो नाही. त्या दिवशी मी मनात आणलं असतं तरी हललो नसतो. सात हजार तीनवर, पट्ट्याच्या तीन आत, एकेक अक्षर मी नेऊन पोचवलं. माझ्या आयुष्यात मला अभिमान वाटावा असं हेच एक काम.

मग शांतता. एरवी बातमीपत्र संपलं की सगळ्यांची एकच झुंबड उडे. त्या दिवशी कुणी काही पाठवेना. बाई भिंतीला टेकून उभ्या असाव्यात, कारण बांगड्या वाजत नव्हत्या. खूप वेळाने टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून डमडमचं एकच अक्षर आलं, सान्यालबाबूंच्या हातचं : आर. म्हणजे, मिळालं. मग हावड्याहून आर. मग बालीगंजहून. असे अकरा आर आले. दुसरं कुणी काही म्हटलं नाही.

सरकारला पत्र श्यामरावांनी स्वतःच लिहिलं, कुणी चुगली करायची वाट पाहिली नाही. पंधरवड्याने एक अधिकारी आले, सभ्य गृहस्थ होते. लायसन्स परत घेतलं. यंत्र मुकं करायचं तर सगळ्यात सोपं काय? स्फटिक काढायचा. त्यांनी मला खोबणीतून उपटलं, माझ्या तिन्ही स्क्रूंवर लाख ओतली, तिच्यावर शिक्का दाबला आणि सांगितलं, हे मोडू नका. बाईंनी मला सुपारीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. त्या कबुलीनंतर गुरुवारची परीक्षा अर्थात झालीच नव्हती. त्यांचा अर्ज अकरा महिने कचेरीत पडून राहिला.

अकरा महिन्यांनी बोलावणं आलं. मी तिथे नव्हतो, हे सान्यालबाबूंनी घरी येऊन सांगितलं म्हणून कळलं. बाईंनी उजव्या हाताने पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला परीक्षकसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "बस. ही परीक्षा मी दोन वर्षं दर रविवारी घेत होतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "चार महिने मीसुद्धा कणीक मळली, बाई."

आता सत्तावन्न साल चालू आहे. टेबल तेच आहे, यंत्र नवं आहे. नव्या यंत्राला स्फटिक लागत नाही. एक गोल बटण फिरवलं की ते पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवं तिथे बोलतं. मला त्याचा हेवा वाटतो. बाईंना आता स्वतःची खूण आहे. बातमीपत्र त्याच पाठवतात, आपल्या नावाने, आपल्या हाताने. गर्दी झाली की बटण फिरवून त्या सरळ दुसरीकडे जातात. मला वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या एका सुराला बांधलेल्या नाहीत, हे बरं झालं.

श्यामराव बातमीपत्राचा मजकूर लिहून देतात आणि शेजारी बसतात. बाई कधी म्हणतात, "दोन शब्द तुम्ही पाठवा ना. कोण विचारतंय?"

"नाही. लायसन्स तुझं आहे."

"मग पुन्हा अर्ज तरी करा."

"बघू," म्हणतात, आणि करत नाहीत. पूर्वी त्या पडद्यामागे होत्या, आता हे आहेत. फरक इतकाच की यांना तिथे कुणी बसवलेलं नाही.

बाई कानांना हेडफोन लावून बसल्या की त्यांना खोलीतलं काही ऐकू येत नाही. माझा सुपारीचा डबा टेबलाच्या कडेला असतो, श्यामरावांच्या हाताशी. बातमीपत्र संपत आलं, त्या साऱ्यांना त्र्याहत्तर पाठवू लागल्या की श्यामरावांचं बोट माझ्या डब्यावर येतं. नखाची टिचकी म्हणजे ठिपका, बोटाची ओढ म्हणजे रेघ. तीन ओढी, दोन टिचक्या. पुन्हा तीन ओढी, दोन टिचक्या. मनगट अजून धरतं, म्हणून सावकाश. तो हात मी कुठेही ओळखेन.

आठ, आठ. अठ्ठ्याऐंशी.

दर रविवारी. तीन वर्षं झाली. प्रत्येक टिचकीला माझ्या अंगात इवलीशी वीज उमटते आणि जायला तार नाही म्हणून तिथेच विरून जाते. लाखेखाली, तीन स्क्रूंच्या आत. सांगण्यासारखं माझ्यापाशी हे एवढंच आहे आणि मला ते सांगता येत नाही. मला कुणाची तरी वीज लागते, कुणाचा तरी हात लागतो.

तुम्हांला हात आहेत. तुम्ही कधी रविवारी सकाळी नऊच्या सुमारास भवानीपुरात आलात, तर तिसऱ्या मजल्यावर या. माझं सील मोडू नका, नियम आहे. फक्त कालिंदीबाईंना सांगा, एकदा हेडफोन काढून बसा.